एक घर खाली

मागच्या वर्षीपर्यंत मी क्वायरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या गटात, तिसऱ्या रांगेत, एका उंच मुलीच्या मागे उभी राहून नुसतं तोंड हलवायचे. मला वाटायचं हे कोणाला कळत नाही. या जानेवारीत ऑडिशनच्या वेळी आम्हाला शिकवणाऱ्या मिस ॲक्रॉईड म्हणाल्या, ऋजुता, मी दोन वर्षं तुझा आवाज ऐकायची वाट बघतेय. मला इतकी लाज वाटली की मी सरळ गायलेच. आणि सोलो, म्हणजे एकटीने गायचा तुकडा, मला मिळाला.

सोलो सोळा सेकंदांचा आहे, मी मोजलाय. पण जूनमधल्या कार्यक्रमाची सुरुवातच त्याने होते, म्हणजे अख्खं चर्च गप्प बसलेलं असताना पहिला आवाज माझा. तेव्हापासून मी जिना उतरताना गाते, बसस्टॉपवर गाते, दात घासतानाही गाते. आई म्हणते, हिचं चालू करायचं बटण सापडलं, बंद करायचं कुठे आहे ते कोणी शोधा.

आम्ही गाणार ती रचना साधारण पावणेचारशे वर्षं जुनी आहे. जर्मनीतल्या कुठल्याशा गावात ऑर्गन वाजवणाऱ्या एका माणसाने लिहिलेली. हस्तलिखितावर त्याचं नावही नाही. तिकडे तेव्हा तीस वर्षं लढाई चालू होती, म्हणजे तो शाळेत असताना सुरू झाली असेल आणि केस पिकले तरी संपली नसेल. शब्द लॅटिन आहेत आणि ओळ एकच: आमचे दिवस सरायच्या आत आम्हाला शांती दे. नऊ मिनिटं तेवढंच.

आबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एका ओळीवर नऊ मिनिटं? मग हा आपलाच माणूस."

आबा म्हणजे माझे आजोबा, रघुवीर. चाळीस वर्षं लीड्सच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायचे आणि शनिवार-रविवार पेटी वाजवायचे. गाणारे पुरूकाका. त्यांचं नाव पुरुषोत्तम, वय आबांएवढंच, म्हणजे खरं तर माझ्या आजोबांच्या जागी. पण इथल्या मराठी मंडळात सहा वर्षांच्या मुलापासून सगळे त्यांना पुरूकाकाच म्हणतात. दोघं एकाच वर्षी लीड्सला आले, एकाच भाड्याच्या घरात राहिले, आणि आता मूरटाऊनमध्ये दोन गल्ल्या सोडून राहतात. पेटीसुद्धा दोघांनी पुण्याला जाऊन एकत्र निवडली. आबांनी वाजवून बघितली, पुरूकाकांनी गाऊन.

आणि दोन वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते.

झालं असं की मंडळाच्या गणपतीत, एका शाळेच्या हॉलमध्ये, पुरूकाका गात होते. ते कायम काळी दोनमध्ये गायचे. म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी हा त्यांचा सा, आणि तिथून ते वर जायचे. पुरुषांच्या मानाने हे बरंच उंच असतं, आणि त्यांना त्याचा भारी अभिमान होता. त्या दिवशी वरच्या सुराला आवाज फाटला. एकदा नाही, दोनदा. आणि आबा पेटी वाजवता वाजवता म्हणाले, "पुरू, खाली उतर रे. काळी दोन आता आपल्या वयाची राहिली नाही."

आबांसमोर माईक होता. दीडशे लोकांनी ऐकलं आणि हसले. वाईट हसले नाहीत, प्रेमाने हसले, पण हसले. पुरूकाकांनी गाणं पूर्ण केलं, शालीची घडी घातली आणि घरी गेले. मग फोन नाही, गाणं नाही, हेअरहिल्सच्या दुकानांत एकत्र कोथिंबीर आणायला जाणं नाही. पेटी जिन्याखाली कपड्याने झाकून ठेवली गेली. कोणी विषय काढला की आबा म्हणायचे, मी खरं तेच बोललो.

आता गंमत बघा. या भांडणात आमची आजी सामीलच झाली नाही. पुरूकाकांची बायको, म्हणजे आमच्या काकू, वारल्यापासून आजी दर गुरुवारी त्यांना डबा पाठवते, तो तिने चालूच ठेवला. नेऊन देणारी मी. आणि भरून आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, त्यामुळे पुरूकाका त्यात काहीतरी घालून पाठवायचे. त्यांच्या मागच्या अंगणात रुबार्ब फार येतं. लाल आंबट दांडे असतात ना, ते. आजी त्याचं लोणचं घालायची. आबा ते लोणचं रोज पोळीला लावून खायचे आणि ते कोणाच्या अंगणातलं आहे हे विचारायचे नाहीत.

हे असं कितीही वर्षं चाललं असतं. पण मेमध्ये मी डबा घेऊन गेले तर पुरूकाकांच्या दारापुढे 'सोल्ड'ची पाटी. साकेतदादा, त्यांचा मुलगा, कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे, तो त्यांना घेऊन चालला होता. जूनच्या शेवटच्या रविवारी. घरात खोकीच खोकी. मी विचारलं, आबांना माहीत आहे का? ते म्हणाले, तुझी आजी सांगेलच की.

आजीने सांगितलं. आबांनी "बरं" म्हटलं आणि बागेत गेले. पाऊस पडत होता तरी बराच वेळ आत आले नाहीत.

मी ठरवलं की जूनच्या शेवटच्या रविवारच्या आत या दोघांना बोलतं करायचं. सोलो मिळाल्यापासून मला वाटायला लागलं होतं की मला सगळंच जमतं.

तालमींमध्ये मात्र एक गोष्ट जमत नव्हती. मी आल्टो आहे, म्हणजे मुलींमधला खालचा आवाज. या रचनेत सारखं असं होतं की आमचा सूर आणि वरच्या सोप्रानोंचा सूर अगदी शेजारी-शेजारी येऊन थांबतात आणि घासतात. दात आंबल्यासारखं वाटतं. मला तिथून पळावंसं वाटायचं, पण मिस ॲक्रॉईड म्हणायच्या, थांबा, टोचू दे. मग आल्टो एक पायरी खाली येतात आणि सगळं मोकळं होतं. नऊ मिनिटांत हे एकवीस वेळा होतं आणि एकवीस वेळा खाली आम्हीच येतो. मी एकदा हात वर करून विचारलं की दर वेळी आम्हीच का? सोप्रानोंना कधीतरी सांगा की.

मिस ॲक्रॉईड म्हणाल्या, "कोणीतरी यावंच लागतं. आणि नीट ऐक, सगळ्यांचा कान खाली येणाऱ्याकडेच असतो."

सोप्रानो हसल्या. मी वहीत लिहून ठेवलं, कारण मला ते पटलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात ऑर्गन आला. चर्चचा भिंतीएवढा नाही, छोटा, चाकांवरचा, मोठ्या कपाटाएवढा. वाजवणारी ग्वेन म्हणून एक वेल्श बाई. तिने एक सूर दिला, मिस ॲक्रॉईडनी हात उचलला, आणि मी गायले. एकटी, आत्मविश्वासाने, आणि चूक. चांगला अर्धा सूर वर. महिनाभर फोनवरच्या पियानोबरोबर घोकून घोकून माझा सूर इतका पक्का झाला होता की ग्वेनने काय दिलंय ते मी ऐकलंच नाही. सोप्रानोंना परत हसायला मिळालं.

ग्वेनने मला जवळ बोलावलं आणि दाखवलं. ऑर्गनच्या पट्ट्यांच्या कडेला एक लाकडाची फळी होती. ती काढली की सगळ्या पट्ट्या एकदम एक घर डावीकडे सरकत होत्या. बोट ठेवायचं तिथेच, पण वाजणार त्याच्या खालचा सूर. जुनं संगीत असं खालच्या पट्टीत वाजवायची पद्धत आहे, ती म्हणाली. मी विचारलं, मग खरा सूर कुठला?

"ते त्या वेळीही कोणाला माहीत नव्हतं," ग्वेन म्हणाली. "या गावचा सूर पुढच्या गावात चालायचा नाही. एकमेकांना खारवलेले मासे पाठवायचे, प्लेग पाठवायचे, सूर मात्र ज्याचा त्याचा."

पण माझं लक्ष त्या सरकणाऱ्या पट्ट्यांकडे होतं. मी हे आधी पाहिलं होतं. आमच्या जिन्याखाली.

घरी जाऊन मी आबांना सगळं सांगितलं. आबांची पेटी स्केल चेंजर आहे, तिच्याही पट्ट्या अशाच सरकतात, गाणाऱ्याला हवं तसं वर-खाली करायला. आबांनी नीट ऐकून घेतलं, फळी कुठे होती ते विचारलं, कागदावर काढून बघितलं. मग म्हणाले की आपली तर कधी सरकवलीच नाही, पुरूला काळी दोनच लागायची. दोन वर्षांत आबांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, मग आता सरकवा. ते म्हणाले, कोणासाठी?

प्रत्येक गाणाऱ्याला घरच्यांसाठी तीन तिकिटं होती. बाबांना त्या दिवशी केंब्रिजला काम होतं आणि आई आमच्यासाठी मागे पाणी-खाऊ सांभाळायला येणार होती, तिला तिकीट लागत नव्हतं. म्हणून आबा, आजी, आणि एक उरलं. मी पुरूकाकांना समोरासमोर विचारलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, रेकॉर्ड करून पाठव बाळा, मी कार्डिफला निवांत ऐकेन. म्हणजे नाही.

तोंडाने नाही म्हणता येतं. पण डब्यातून आलेल्या गोष्टीला पुरूकाकांनी कधीच नाही म्हटलेलं नव्हतं. म्हणून गुरुवारी आजीने बेसनाचे लाडू भरले तेव्हा मी तळाला तिकीट ठेवलं. मागे लिहिलं, पुरूकाका, सुरुवात मीच करते. याल ना? वरून लाडू परत रचले. लाडू अजून कोमट होते. आजी तुपाचा हात कधीच आखडत नाही. या दोन गोष्टींचा मी एकत्र विचार केला नाही.

शनिवारी संध्याकाळी, जूनचं लख्ख ऊन असताना, आम्ही काळे कपडे घालून, हातात फाइल घेऊन चर्चच्या मागच्या दाराशी रांगेत उभे होतो. तिथूनच आम्हाला मधल्या वाटेने चालत आत जायचं होतं, आणि तिथूनच लोकही येत होते. बोलायचं नाही अशी सक्त ताकीद होती. आबा आणि आजी आत गेले. आजीने जरीच्या साडीवर कार्डिगन घातलं होतं. मग मला पुरूकाका दिसले. सूट, टाय, भांग पाडलेला. हातात तिकीट.

म्हणजे ते तिकीट होतं असं मला माहीत होतं म्हणून. बघणाऱ्याला तो बटर पेपर वाटला असता. तूप शोषून ते आरपार दिसत होतं आणि माझ्या शाईचा निळा डाग मधोमध पसरला होता. दारावर तिकिटं बघणाऱ्या एका आजोबांनी फोन धरून बारकोड वाचायचा प्रयत्न केला. पुन्हा एकदा प्रयत्न केला. तिकीट उलटं केलं. मग फार अदबीने सांगितलं की सॉरी, लव्ह (इकडे कोणालाही लव्ह म्हणतात), कार्यक्रम फुल आहे, हे वाचता येत नाही, तुम्ही कोणाबरोबर आला आहात?

पुरूकाकांनी तिकिटासाठी हात पुढे केला. मला त्यांची पाठ दिसत होती. ते म्हणू शकले असते, ऋजुताचा पाहुणा. पण मी तिथे पाच फुटांवर आहे हे त्यांना दिसलं नव्हतं, आणि मला तर बोलायची बंदी. मी तरी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी तिकीट नीट घडी घालून खिशात ठेवलं, थँक यू म्हटलं आणि वळले. अगदी त्या शालीसारखी घडी.

आणि आतून आबा आले.

त्यांनी ते थँक यू ऐकलं असणार. पन्नास वर्षं ज्या आवाजामागे पेटी वाजवली तो त्यांना गर्दीतही कळतो. आबांनी पुरूकाकांच्या खिशातून ते तिकीट काढून घेतलं, न विचारता. उजेडात धरलं. मग नाकाशी नेलं.

दारावरच्या आजोबांना ते इंग्रजीत म्हणाले, "हे माझ्या बायकोचं तूप आहे. हे गृहस्थ आमच्याबरोबर आहेत."

दारावरचे आजोबा एकदा आबांकडे, एकदा तिकिटाकडे बघत राहिले. मग बाजूला झाले.

दोघं आत गेले. आजी बाकावरून सरकली नाही, त्यामुळे एक तिच्या डावीकडे बसला आणि एक उजवीकडे.

आम्ही चालत पुढे गेलो, उभे राहिलो. ग्वेनने सूर दिला. या वेळी मी तो ऐकला. फोनवरचा माझा सूर डोक्यात वाजत होता, त्याला म्हटलं, तू थांब. आणि ग्वेनच्या सुरावर मी पहिला शब्द ठेवला.

सोळा सेकंद मी कोणाकडेच बघितलं नाही. मग माझ्यामागून मुलग्यांचे आवाज आले, मग सोप्रानोंचे, आणि पहिल्या घासणाऱ्या जागेला मी डोळे उघडले. तीन जण एका बाकावर. आबांचं बोट गुडघ्यावर ठोका देत होतं. पुरूकाकांचं समोरच्या बाकाच्या कडेवर. दोघांचा ठोका वेगळा पडत होता, कारण या संगीतात सम कुठे आहे ते दोघांनाही सापडत नव्हतं. आजी दोघांच्या मधे डोळे मिटून बसली होती. सोप्रानो आणि आम्ही शेजारी-शेजारी अडकून उभ्या, टोचतंय, टोचतंय, आणि आम्ही खाली आलो. पुरूकाकांची मान हलली. आबांची पण. मग पुढच्या प्रत्येक वेळी, पार एकविसाव्या वेळेपर्यंत, आम्ही खाली येताना दोन माना एकदम हलत होत्या. नवव्या मिनिटाला दोघांचा ठोकाही एकत्र पडत होता. आजीने डोळे उघडून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघितलं, आणि परत मिटले.

नंतर चहाच्या वेळी मला ते हॉलमध्ये सापडेनात. मी परत आत गेले. दोघं ऑर्गनशी वाकून उभे होते आणि ग्वेन त्यांना फळी काढून दाखवत होती. पुरूकाकांनी स्वतः पट्ट्या एक घर सरकवून बघितल्या.

"हे आपल्या पेटीसारखंच," ते म्हणाले. ऑर्गनला म्हणाले, आबांना नाही.

"आपली अडकलीय," आबा ऑर्गनला म्हणाले. "कधी सरकवलीच नाही."

एवढंच. पण दुसऱ्या दिवशी रविवारी दुपारी पुरूकाका आमच्याकडे आले. हातात रिकामा डबा होता. आजीच्या भुवया वर गेल्या. ते म्हणाले, अंगण विकलं ना वहिनी, रुबार्ब आता त्या लोकांचं.

आबांनी पेटी जिन्याखालून काढून ठेवली होती. सकाळपासून ते पट्ट्यांच्या खोबणीत मेणबत्ती घासत बसले होते. पुरूकाका समोर सतरंजीवर बसले, गुडघे दुमडत नव्हते म्हणून एक पाय लांब करून. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले आणि चक्क गप्प राहिले.

आबा पेटीकडे बघत म्हणाले, "माईकवर बोलायला नको होतं."

पुरूकाका म्हणाले, "खोटं नव्हतं रे. पण रघू, असलं खरं कानात सांगायचं असतं."

आबांनी मान हलवली. मग दोन्ही हातांनी, जोर लावून, पट्ट्या सरकवल्या. खट् असा आवाज झाला. भाता उघडला, आणि बोट ठेवलं ते काळी दोनवरच, नेहमीच्या जागी. वाजला मात्र त्याच्या खालचा सूर. मला ते लगेच कळलं, तर पुरूकाकांना कळणार नाही असं शक्यच नव्हतं. ते ऐकत राहिले. आबांच्या बोटाकडे बघितलं, मग आबांकडे.

"एक घर?"

"एक घर."

ते गायला लागले. दोन वर्षं न गायलेला आवाज आधी खरखरला, मग सैल झाला. वर जायची जागा आली. पुरूकाका वर गेले, सुराच्या अगदी दाराशी पोचले, आणि तिथे आवाज कापला. थांबले. मी कठड्याला घट्ट धरलं. आबा भाता हलवत राहिले, खालचा सा तसाच चालू. त्यांनी या वेळी तोंड उघडलं नाही. माईक नव्हता, दीडशे लोक नव्हते, तरी नाही. नुसते थांबले.

"अजून एक," पुरूकाका म्हणाले.

खट्.

आणि या वेळी ते वर गेले आणि तिथेच राहिले. स्वयंपाकघरात आजीने नळ बंद केला. कितीतरी वेळ ते त्या एका सुरावर होते, जसं काही खाली यायची घाई कोणालाच नाही, आणि आबा त्यांच्यामागून, बोटं नेहमीच्याच काळ्या पट्टीवर, डोळे मिटून.

मग आजी डबा घेऊन बाहेर आली. भरलेला. पुढच्या रविवारी तो साकेतदादाच्या गाडीतून कार्डिफला गेला, आणि अजून तिकडेच आहे. आबा रोज संध्याकाळी फोनवर विचारतात, डब्याचं काय झालं. पुरूकाका म्हणतात, अरे, काहीतरी चांगलं घालून पाठवायचंय, थांब जरा. मग दोघं तासभर दुसऱ्याच गोष्टी बोलतात.